चुरमुऱ्यांवर राग, भाकरीला माफी

सोलापूरच्या पूर्व भागातून एका सूनबाईंचं पत्र आलं आहे. घरात नवरा, दोन शाळकरी मुलं आणि सासूबाई. नवरा यंत्रमागावर, पगार आठवड्याचा. सासूबाई ६६ वर्षांच्या. उमेदीची सगळी वर्षं विड्या वळण्यात गेली, आता गुडघे धरलेत. गेल्या महिन्यात त्यांची एचबीएवनसी (रक्तातल्या शुगरची सरासरी सांगणारी तपासणी) ८.६ आली. डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहून दिल्या आणि "भात, गोड, चुरमुरे बंद" एवढं सांगितलं. गोड त्यांना फारसं लागत नाही, पण संध्याकाळी सहाला ताटलीभर सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणीचा पदार्थ) आणि कपभर चहा हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. सूनबाईंनी घरात चुरमुरे आणणंच थांबवलं, तर सासूबाई शेजारणीकडे बसून खाऊन येतात आणि वर "माझी सून मला उपाशी ठेवते" असंही बोलून येतात. नवरा म्हणतो, "वय झालं तिचं, खाऊ दे." पुण्याची नणंद फोनवरून ओट्स आणि शुगरवाल्यांसाठी मिळतो तो पाकिटातला आटा आणायला सांगते. तो परवडत नाही, आणि आणला तरी सासूबाई शिवत नाहीत.

दिवसभराचं खाणं त्यांनी लिहून पाठवलं आहे. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी दोन भाकऱ्या आणि पातळ भाजी, संध्याकाळी सुशीला, रात्री साडेनऊला पुन्हा दोन भाकऱ्या, आमटी आणि वाटीभर भात. चहा दिवसातून तीनदा, दोन-दोन चमचे साखरेचा. प्रश्न असा: "भाकरी तर आमची ज्वारीचीच असते, तिने काही होत नाही. चुरमुरे बंद करून महिना झाला तरी उपाशीपोटीची शुगर १६८ वरून १६१ वरच आली. शुगरला चालेल असा सुशीला करता येतो का, की मीच मन घट्ट करून बंद ठेवू?"

ताई,

सुशीला करता येतो, आणि तो पुन्हा तुमच्याच घरात व्हावा असं माझं मत आहे. कृती सांगते. पण त्याआधी सासूबाईंचं ताट जरा नीट बघू या, कारण तुमच्या पत्रात चुरमुऱ्यांवर सगळा राग निघालाय आणि भाकरीला सरसकट माफी मिळालीय.

आपल्याकडची भाकरी हातभर रुंद असते. एका भाकरीला साधारण ८० ग्रॅम पीठ लागतं असं धरा. ज्वारीच्या पिठात शंभराला जवळपास ७० ग्रॅम पिष्ट पदार्थ असतात, म्हणजे एका भाकरीत पंचावन्नच्या आसपास. दुपारच्या दोन आणि रात्रीच्या दोन मिळून दोनशेच्या वर गेल्या. रात्रीच्या वाटीभर भाताचे चाळीसेक ग्रॅम धरा. चहाचे सहा चमचे साखर म्हणजे पंचवीस-तीस ग्रॅम, टोस्ट वेगळेच. आता सुशीला. ताटलीभर सुशील्याला कोरडे चुरमुरे साधारण ६० ग्रॅम लागतात, त्यात पिष्ट पदार्थ ४८ ग्रॅमच्या घरात. म्हणजे एका भाकरीपेक्षा थोडे कमीच! तुम्ही महिनाभर भांडून जे बंद केलंत ते दिवसाच्या एकूण बेरजेचा सहावा हिस्सासुद्धा नव्हतं, आणि तेही शेजारी चालूच होतं. शुगर फारशी हलली नाही यात नवल काय?

ज्वारी वाईट असं मी अजिबात म्हणत नाही. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी उगाच नावाजलेली नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत दहा ग्रॅमच्या आसपास तंतू असतात, पांढऱ्या तांदळात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. त्यामुळे भाकरीची साखर रक्तात सावकाश उतरते. पण सावकाश उतरली तरी उतरते. "ज्वारी शुगरला चालते" हे ऐकून आपल्याकडे माणसं दोनाच्या तीन भाकऱ्या करतात, आणि मग रिपोर्ट हातात आल्यावर चुरमुऱ्यांना आणि पेरूला दोष देतात.

चुरमुऱ्यांची बाजूही मी पूर्ण घेणार नाही. तांदूळ आधी उकडून वाळवलेला, मग तापलेल्या वाळूत फुलवलेला. त्यातला स्टार्च शिजून, फुगून तयारच असतो, पोटात गेला की पचायला वेळ घेत नाही. वजनाला वजन लावलं तर चुरमुरे भाकरीपेक्षा शुगर लवकर चढवतात. शिवाय सुशील्यात ते भिजवून पिळले की टोपलंभर चुरमुऱ्यांची परातीत दोन मुठी होतात. "एवढंसं तर झालं" म्हणून हात पुन्हा डब्यात जातो. सुशीला चुकतो तो इथे, मापात. पोहे भिजून फुगतात म्हणून अंदाज येतो, चुरमुरे बसतात म्हणून येत नाही.

तेव्हा माप भिजवण्याआधी घ्यायचं. पाणी प्यायच्या पेल्याने कोरडे चुरमुरे एका माणसाला दोन पेले, म्हणजे साधारण ३० ग्रॅम. पूर्वीच्या निम्मे. उरलेली ताटली कशाने भरायची, हाच काय तो बदल. माझी पसंती मोड आलेल्या मटकीला. मूगही चालेल. वाटीभर मोड कुकरला न लावता झाकण ठेवून वाफवून घ्या, दाणा अख्खा राहिला पाहिजे. कढईत दोन चमचे तेल, मोहरी, जिरं, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या सढळ हाताने. शेंगदाणे एका माणसाला मूठभर नकोत, चमचाभर पुरेत, ते फोडणीतच खरपूस होऊ द्या. मग एक मोठा कांदा, आणि असेल तर बारीक चिरलेला कोबी किंवा सिमला मिरची. कांदा पारदर्शक झाला की हळद, मग मटकी. चुरमुरे सगळ्यात शेवटी. पाण्यातून काढून लगेच पिळायचे, पाण्यात बसू द्यायचे नाहीत, नाहीतर लगदा होतो आणि सासूबाई नाव ठेवायला मोकळ्या. वरून पंढरपुरी डाळ्याची भरड पूड दोन चमचे. चवीचं खरं काम तिथेच आहे, ती अजिबात कमी करू नका. डाळं हरभऱ्याचं, त्यात प्रथिनंही आली आणि तंतूही. शेवटी कोथिंबीर आणि अर्धं लिंबू. चिमूटभर साखर घालायची सवय असेल तर ती सोडा, लिंबाने भागतं. चुरमुऱ्यांना मुळातच मीठ असतं, म्हणून मीठ चाखून मगच. सासूबाईंना बीपीही असेल तर याकडे जास्त लक्ष द्या. आणि वर शेव भुरभुरायची नाही. शेव घातली की पदार्थ दुसराच होतो, निदान माझ्या मते.

दोन पेले चुरमुऱ्यांचाच सुशीला, पण ताटली पहिल्यासारखी भरलेली दिसेल. ही गोष्ट क्षुल्लक नाही. अर्धी ताटली समोर आली की माणसाला शिक्षा झाल्यासारखं वाटतं, आणि मग शेजारीण आठवते.

चुरमुऱ्यांऐवजी ज्वारीच्या लाह्या घ्याव्यात का, असं बरेच वाचक विचारतात. नागपंचमीला घरोघरी लाह्या होतात तेव्हा जरूर करून बघा, चव छान लागते. पण लाह्याही फुललेल्याच, त्याही लवकर पचतात. ज्वारीच्या आहेत म्हणून मापाला सूट नाही. ओट्सचं म्हणाल तर साधे ओट्स चांगलेच आहेत, ज्याला आवडतात त्याने खावेत. मसाल्याच्या पाकिटातल्या ओट्समध्ये मीठ मात्र भरपूर. पण जे सासूबाईंच्या घशाखाली उतरत नाही त्यावर आठवड्याच्या पगारातला पैसा घालू नका. मटकी, हुलगे, डाळं हे तुमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतं आणि त्या पाकिटातल्या आट्यापेक्षा जास्त उपयोगाचं आहे. हुलग्याचं माडगं थंडीत त्यांनी लहानपणापासून प्यायलं असेलच. हुलग्यात शंभराला बावीसेक ग्रॅम प्रथिनं असतात. माडगं फक्त गूळ न घालता, ताक-लसणाचं करा. काही घरी चहातही साखर काढून गूळ घालतात आणि निर्धास्त होतात. शुगरच्या हिशोबात गूळ आणि साखर सख्खी भावंडं आहेत. चहात दोनाचा एक चमचा करा, पंधरा दिवसांनी अर्धा. एकदम बिनसाखरेचा चहा पुढे केलात तर तोही शेजारी जाऊन होईल.

आता वेळ. सहाला सुशीला आणि साडेनऊला पूर्ण जेवण, हे मला चुरमुऱ्यांपेक्षाही जास्त खटकलं. साडेनऊचं जेवण बहुधा मुलाची पाळी सुटण्याच्या वेळेला बांधलेलं असावं. आईने त्याच्यासाठी थांबायचं, ही रीत मला समजते. यातून दोन वाटा निघतात. एक, सुशीला सहालाच ठेवायचा आणि रात्री एकच भाकरी, भात नाही, आमटी मात्र डाळ दिसेल इतकी दाट. दुसरी, सुशील्यालाच रात्रीचं जेवण करायचं: साडेसातला नव्या पद्धतीची ताटली, सोबत वाटीभर आमटी किंवा कांदा घातलेलं ताक, आणि मग मुलगा जेवायला बसला की त्याच्याजवळ नुसतं बसायचं. मला दुसरी वाट बरी वाटते. पोटाला दोनऐवजी एकच चढ चढावा लागतो आणि सासूबाईंना त्यांचा आवडता पदार्थ नाश्ता म्हणून चोरून नव्हे तर जेवण म्हणून मिळतो. पण सहाच्या चहासोबतच हवा असा हट्ट असेल तर पहिली घ्या. दोन्हींत दुपारच्या दोन भाकऱ्यांची दीड करायचीच आहे, आणि पातळ भाजीऐवजी घट्ट भाजी किंवा उसळ. शेंगाची चटणी खुशाल वाढा. तिने शुगर फारशी चढत नाही. तेल आणि मीठ असतं म्हणून चमचा-दोन चमचे. ताटात आधी भाजी, कोशिंबीर, उसळ खाऊन मग भाकरी मोडायची, एवढ्या क्रमानेही जेवणानंतरची शुगर कमी चढते. याला तर पैसाही लागत नाही.

यातलं काहीही सुरू करण्याआधी मात्र एक काम. तुम्ही लिहिलंय की दोन गोळ्यांपैकी एक नाश्त्याआधी घ्यायची आहे. ती ग्लिमेपिराइडच्या जातीची असू शकते, पट्टीवरचं नाव वाचा. मेटफॉर्मिन ही शुगरची नेहमीची गोळी एकटी सहसा शुगर फार खाली नेत नाही, पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोटात काय आहे ते बघत नाही, ती आपलं काम करतच राहते. जेवण एकदम निम्मं केलं आणि गोळी तेवढीच ठेवली तर शुगर ७० च्या खाली जाऊ शकते. दरदरून घाम, हातपाय थरथरणं, छातीत धडधड, बोलण्यात गोंधळ ही लक्षणं. अशा वेळी डाएट बाजूला ठेवून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा, बरं वाटलं की थोडं जेवण द्या. भान हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना. म्हणून खाण्यातला हा बदल डॉक्टरांना आधी सांगा, गोळीचा डोस ते बघतील. त्याच फेरीत क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासलंय का तेही विचारा. मूत्रपिंडाला त्रास सुरू झाला असेल तर डाळी-उसळी वाढवण्याचा माझा सल्ला तसाच्या तसा लागू होणार नाही. आणि एचबीएवनसी ही साधारण तीन महिन्यांची सरासरी असते. ती तीन महिन्यांनीच करा, दर महिन्याला पैसे घालवू नका. ती किती खाली आणायची हेही डॉक्टरांनाच विचारा. पुष्कळांना सातच्या खाली सांगतात, वयस्कर माणसाला कधी थोडी ढील देतात.

नवा सुशीला चालतो की नाही हे माझ्या शब्दावर मानू नका. खाण्याआधी बोटातली शुगर बघा, पहिल्या घासापासून दोन तासांनी पुन्हा बघा. दोन तासांनंतरची १८० च्या आत असावी असं सर्वसाधारणपणे धरतात. आधीचीच १६० असेल तर लगेच तिथे पोचणार नाही, तेव्हा चढ किती झाला ते बघा. एका संध्याकाळी जुन्या पद्धतीचा, दुसऱ्या संध्याकाळी नव्या पद्धतीचा. आकडे सासूबाईंच्या समोर कॅलेंडरवर लिहा. सून सांगते म्हणून जे पटत नाही ते स्वतःच्या बोटातून आलं की पटतं, असा अनुभव आहे. मशीन घरात नसेल तर सरकारी आरोग्य केंद्रात आणि सिव्हिलमध्ये शुगर तपासून मिळते. तिशी ओलांडलेल्यांची बीपी-शुगर तपासणी तिथे मोफत असते, तेव्हा तुम्ही दोघंही करून घ्या. नणंदबाईंना खरंच आईसाठी काही करायचं असेल तर ओट्सऐवजी मशीन आणि पट्ट्यांचा डबा पाठवायला सांगा. ती काळजी वापरात येईल. सुई मात्र एकाचीच, शेजारीपाजारी फिरवायची नाही.

आता थोडं तुमच्याबद्दल. पत्रात तुम्ही तीनदा "माझी जबाबदारी" असं लिहिलंय. शुगर वाढली की सुनेने नीट बघितलं नाही, आणि खाणं कमी केलं की सुनेने उपाशी ठेवलं. या खेळात तुम्ही कधीच जिंकणार नाही, कारण तुम्हाला पहारेकरी करून बाकीचे मोकळे झालेत. "वय झालं, खाऊ दे" हे म्हणणं प्रेमाचं वाटतं, पण त्याचा अर्थ "मला यात ओढू नका" असा होतो. शुगरने पायाला जखम झाली, डोळ्यांवर आलं तर रजा टाकून दवाखान्यात कोणाला बसावं लागणार आहे, हे नवऱ्याला एकदा शांतपणे विचारा. डॉक्टरांकडे आईला त्यानेच न्यावं. रात्रीच्या जेवणानंतर गल्लीत दहा मिनिटं आईसोबत चालावं. गुडघ्यांमुळे दहा जमत नसतील तर पाच. नाहीतर खुर्चीवरून उठ-बस, जेवढी झेपेल तेवढी. आणि त्यांचे तळपाय रोज कोणीतरी बघावेत, भेग, फोड, लाली. नातवंडांना हे काम द्या, आवडीने करतील.

सासूबाईंच्या बाजूनेही बघा. विडीची मजुरी हजाराच्या हिशोबाने मिळते. हजार भरेपर्यंत बाई सुपापुढून उठत नाही. अशा दिवसात चुलीपुढे न बसता, चार पैशांत, पाच मिनिटांत होणारं आणि चारजणींत वाटून खाता येणारं जे होतं ते चुरमुरे. तो सहाचा सुशीला म्हणजे त्यांच्या कामाची सुट्टी होती. तुम्ही चुरमुरे बंद केलेत तेव्हा त्यांच्या लेखी बैठकच मोडली. शेजारणीकडे त्या बहुतेक त्यासाठीच जातात, तिथल्या फोडणीसाठी असं मला वाटत नाही.

म्हणून सुशीला तुम्ही करूच नका, त्यांना करू द्या. मापाचा पेला तुमचा, कढई त्यांची. मटकी घालायची म्हटल्यावर पहिल्या दिवशी नाक मुरडतील. "बघा बरं, तुमच्या हाताने जमतंय का" असं म्हटलंत तर बहुधा जमेल. आणि शेजारणीलाच एखाद्या संध्याकाळी तुमच्याकडे बोलवा. तिलाही कळू द्या की माप काय ठरलंय, म्हणजे तिकडून ताटली आली तरी तेवढीच येईल. मुलांना आणि नवऱ्यालाही हाच सुशीला वाढा. त्यांच्या ताटलीत चुरमुरे जास्त घाला हवं तर, पण आजीचा वेगळा, आजारी माणसाचा डबा असं दिसू देऊ नका.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण पंढरपूर जवळ असलेल्या घरात ती येतेच: एकादशी. साबुदाण्यात जवळजवळ नुसता स्टार्चच. खिचडीची एक ताटली तुमच्या त्या जुन्या सुशील्याला मागे टाकेल. उपवास सोडा म्हणून त्या ऐकायच्या नाहीत, आणि मीही सांगणार नाही. पण कडकडीत उपाशी राहून नाश्त्याआधीची ती गोळी घ्यायची नाही, आणि गोळी स्वतःच्या मनाने बंदही करायची नाही. उपवासाच्या दिवशी गोळीचं काय, हे त्याच फेरीत डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. फराळाला वाटीपेक्षा कमी भगर, दाण्याची आमटी, दही आणि काकडी. राजगिऱ्याचा लाडू गुळाचा असतो, तो नैवेद्याला ठेवून मुलांना द्या.